अमेरिकन फुटबॉलमध्ये (NFL) लॅरेमी टन्सिलसाठी ह्यूस्टन टेक्सन्स संघाने पहिल्या फेरीचे दोन पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडण्याचे हक्क) मोजले, ते चुकलं का?

खेळाडू निवडण्यात चूक नव्हती, किंमत आणि क्रम चुकला. ऑगस्ट 2019 मध्ये ह्यूस्टनने मायामी संघाला 2020 आणि 2021 चा पहिल्या फेरीचा पिक, शिवाय 2021 चा दुसऱ्या फेरीचा पिक दिला. टन्सिलबरोबर पास झेलणारा केनी स्टिल्सही आला. गरज खरीच होती: 2018 मध्ये ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) डेशॉन वॉटसन 62 वेळा सॅक झाला होता, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला होता. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असला की डावीकडून येणारा पास रशर (त्याला पाडायला धावणारा प्रतिस्पर्धी) त्याच्या पाठीकडून येतो, म्हणून ती बाजू अडवणारा लेफ्ट टॅकल, म्हणजे टन्सिलची जागा, इतका महाग. पण नवा करार न ठरवताच ट्रेड उरकला, इथे घोडचूक झाली. एवढे पिक देऊन बसल्यावर ‘जा, दुसरीकडे बघ’ म्हणायची सोय उरत नाही, आणि घासाघीस तिथेच संपते. 2020 मध्ये 3 वर्षांचे 6.6 कोटी डॉलर मोजावे लागले. वर ह्यूस्टनचा 2020 चा हंगाम 4-12 (4 विजय, 12 पराभव) असा गेला; हंगाम जितका वाईट तितका पिक वरचा, त्यामुळे मायामीच्या हाती 2021 च्या ड्राफ्टमधला तिसरा पिक आयता पडला.

मात्र सॅकचा आकडा एकट्या टॅकलच्या माथी (किंवा खात्यात) टाकू नका. 2019 मध्ये सॅक 44 वर आले, तरी वॉटसन चेंडू फार वेळ हातात ठेवायचा; त्याला गार्ड, सेंटर (टॅकलच्या शेजारी उभे राहून अडवणारे खेळाडू) कुणीच काही करू शकत नाही.