नाताळची टर्की गॅरेजमध्ये ठेवू का?

प्रश्न: टोरांटोला लेकीकडे नाताळला १२ माणसं जेवायला आहेत. ६ किलोची गोठलेली टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) गॅरेजमध्ये ठेवून तिचा बर्फ सुटू देता येईल का?

उत्तर: नको. उणे तापमानात ती सुटणारच नाही आणि ऊब लागली की वरचं मांस ४ अंशांपुढे जाऊन जंतू वाढतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवा. दर २ किलोंना एक दिवस धरा. २५ तारखेसाठी २१ च्या रात्रीच काढा. पोटात मान-काळजाची पिशवी असते, ती आठवणीने काढा. आत बर्फ लागलाच तर न गळणाऱ्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाला पाणी बदला. भाजल्यावर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटरने ८२ अंश दाखवायलाच हवेत. रंगावर जाऊ नका.