रान माजलेल्या आवाराची पहिली दोन वर्षे

फोंडा तालुक्यातील आपल्या वडिलोपार्जित घरामागचे आवार एका हंगामात बागेसारखे दिसावे, ही अपेक्षा प्रथम सोडावी. पहिल्या पावसाळ्यात काहीही न लावता पाणी कोठून येते आणि कोठे साचते एवढेच पाहावे; गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो, त्यामुळे उतारावरचे सगळे तण एकदम काढल्यास जांभ्या दगडावरचा मातीचा पातळ थर टिकत नाही.

रानमोडी या झुडपी तणाला मात्र सवलत देऊ नये. तिला थंडीत फुले येतात आणि हलके बी वाऱ्याने दूर पसरते, म्हणून ऑक्टोबरमध्ये, माती ओलसर असतानाच, ती मुळासकट उपटावी. कोयत्याने नुसती छाटल्यास ती बुंध्यातून पुन्हा फुटते. (ही चूक मी सलग तीन वर्षे केली.) टाकळ्याची फारशी चिंता नको, कोवळा असताना त्याची भाजी करावी. मोकळ्या जागेवर माडाच्या झावळ्या अंथराव्यात, जाळू नयेत.

दुसऱ्या वर्षी, जेथे उन्हाळ्यात पाणी देता येईल तेथेच केळी व सुपारी लावावी आणि सुपारी वाढल्यावर तिच्यावर मिरीचा वेल चढवावा; कोरड्या उतारावर काजू पुरे.