तत्त्वज्ञान वाचायला घेताय? आधी अजिंठ्याला जा

दादा, पहिल्याच महिन्यात जाडजूड ग्रंथ घेऊन ‘माया’, ‘शून्य’ पाठ करत बसू नका. नवख्यांची हीच चूक होते, मग पुस्तक कपाटात जातं.

अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या, म्हणजे बुद्धाच्या देहत्यागाच्या, मूर्तीसमोर अर्धा तास बसा. पहुडलेल्या बुद्धाचा चेहरा शांत, खाली शिष्य शोकात, वर देवगण आनंदात. एकच मृत्यू, तीन तऱ्हा! अनित्यता, म्हणजे काहीच कायम टिकत नाही हे, मला तिथं उमगली.

मग पैठण. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड संत एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा सांगतात. अद्वैत, म्हणजे सगळ्यांत एकच तत्त्व आहे हा विचार, वागण्यात उतरतो तो असा.

रोज संतांची एकच ओवी वाचा आणि घरात लावून बघा: कामाला येणाऱ्या मावशींना चहा कोणत्या कपात देतो आपण?

अद्वैतावरून शंकराचार्य आणि रामानुजाचार्य यांच्या मतांतला वाद सध्या राहू द्या. अडलं तर बिनधास्त विचारा.