४एस आधी भरतं, मग रिकामंही आधी कसं होतं?

तुम्ही विचारलंय की ४एस हे ३डीच्या आधी भरतं (ही अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या कप्प्यांची नावं), तर आयन होताना, म्हणजे अणू इलेक्ट्रॉन गमावताना, ते ४एसमधूनच आधी का निघतात, आणि नीटसाठी हे नुसतं पाठ केलं तर चालेल का. या प्रश्नापायी माझी एक नोकरी गेलीय, तेव्हा उत्तर लांबणार.

२०१६ चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं. मी एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचो. वर पत्रे, एका बाकावर चौघं. एक पोरगी रोज उशिरा यायची, टँकरच्या रांगेत घागरी लावून. त्या दिवशी फळ्यावर लोह होतं: ३डीत सहा, ४एसमध्ये दोन. खाली दोन इलेक्ट्रॉन गेलेलं लोह: ३डीतले सहा तसेच, ४एस मोकळं. ती उठून म्हणाली, "सर, आधी भरलेली घागर आधी कशी काय रिकामी व्हायली? आमच्या घरी शेवटची भरलेली पुढं असते, तीच आधी उचलतेत."

वर्ग हसला. मला घाम फुटला, कारण मलाच उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगतो" म्हणून सुटलो.

दुसऱ्या दिवशी दोन तास त्यातच घातले. म्हटलं, बाई, घागरी त्याच नाहीत, घरच वेगळं आहे. पोटॅशियम (अणुक्रमांक १९, म्हणजे तेवढे इलेक्ट्रॉन) आणि कॅल्शियम (२०) यांच्या घरात ४एस खाली, म्हणजे कमी ऊर्जेचं असतं, म्हणून इलेक्ट्रॉन तिथं जातो. स्कँडियमला (२१) पोचेपर्यंत अणुकेंद्राची ओढ वाढते आणि ३डी खाली सरकतं, ४एसच्याही खाली. मग सगळे ३डीतच का बसत नाहीत? ३डी आटोपशीर, केंद्राच्या जवळ. तिथं इलेक्ट्रॉन एकमेकांना फार रेटतात. म्हणून स्कँडियमच्या शेवटच्या तिघांपैकी दोघं बाहेर ४एसमध्ये राहिले तर एकूण हिशेब स्वस्त पडतो. आणि काढायची वेळ आली की वरचे, बाहेरचे आधी जाणार.

पुरावा स्कँडियमचाच घ्या. तीन इलेक्ट्रॉन काढले की उरतात १८, आरगॉनसारखे. आता एकेक परत द्या. पहिला ३डीत जातो. दुसरा आणि तिसरा ४एसमध्ये. म्हणजे जे आधी भरतं म्हणून आपण पोरांकडून घोकून घेतो, ते इथं नंतर भरतं. 'भरतं' हा शब्दच सगळा घोळ करतो. तो क्रम एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाण्याचा आहे, एकाच अणूत इलेक्ट्रॉन ओतण्याचा नाही.

क्लासचे मालक मागं येऊन उभे होते. "सर, काय शिकवायलात? पेपरात येतंय का हे? नोट्स वाचून दाखवा." मी सगळ्यांसमोर म्हणालो, नोट्समधली ओळ चूक आहे. महिनाअखेरीला पगाराच्या पाकिटासोबत 'पुढच्या बॅचला बघू' मिळालं. पुढची बॅच काही आली नाही. ज्याला शिकवायचं म्हणजे पानं संपवायची एवढंच कळतं, त्यानं किराणा दुकान टाकावं. तिथं निदान वजन तरी बरोबर करावं लागतं.

आता क्रोमियमबद्दल (३डीतल्या दहा जागांत पाच, ४एसमध्ये एकच) 'अर्धं भरलेलं स्थिर असतं' असं कुणी एका ओळीत सांगितलं, तर त्याला टंगस्टन विचारा. क्रोमियमच्याच गटातलं, पण ५डीत चार आणि ६एसमध्ये दोन. तिथं कुठं गेली ती स्थिरता?

राहिलं नीटचं. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. तिथं माझ्यासारखा वाद घालू नका. भरताना एन (नावातला आकडा) अधिक एल (एसचा शून्य, डीचा दोन) अशी बेरीज लावा, कमी असेल ते आधी (४एसची चार, ३डीची पाच), काढताना सगळ्यात मोठा एन आधी. क्रोमियम आणि तांबं हे दोन अपवाद पाठच करा. तेवढ्यावर गुण मिळतात. तेवढ्यापुरतं मालकांचं बरोबर होतं म्हणा.

मागच्या महिन्यात भाचा त्याच क्लासच्या नोट्स घेऊन आला. झेरॉक्स ताजी, ओळ तीच: '४एसची ऊर्जा नेहमी कमी'. 'नेहमी'वर लाल पेन मारायला घेतला आणि अक्षराकडं लक्ष गेलं. त्या नोट्स क्लासला लागलो त्या वर्षी मीच लिहून दिल्या होत्या.