मुरमांच्या गोळ्या चालू असतानाच दिवस राहिले. बाळात व्यंग येईल का?

तुम्ही ऐरोलीहून विचारलंय: पाळी आठवडाभर पुढे गेली, काल टेस्ट पॉझिटिव्ह आली, आयसोट्रेटिनॉइन २० मिग्रॅ चार दिवसांपूर्वीपर्यंत चालू होती, मध्ये छातीचा एक्स-रे झाला आणि मशेरी लावायची सवय आहे.

एक्स-रे आधी डोक्यातून काढा. छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत जास्तीत जास्त ०.०१ मिलिग्रे (किरणांचं माप) पोचतं. ५० मिलिग्रेच्या खाली व्यंगाचा धोका वाढलेला दिसत नाही.

गोळीचं मात्र गंभीर आहे. पाळी २८ दिवसांची धरली तर गर्भ धरून साधारण २१ दिवस झाले. गर्भ धरल्यापासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत औषधाचा फटका बसला तर बहुधा गर्भ टिकत नाही, नाहीतर पूर्ण सावरतो. अवयव घडतात ते तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, आणि तुमची शेवटची गोळी नेमकी त्या सुरुवातीला येते. शिवाय औषध अंगातून उतरायला आणखी काही दिवस लागतात, म्हणूनच ते थांबवल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात. कान, चेहरा, हृदय, मेंदू यांत दोष येऊ शकतात. २० मिग्रॅ कमी म्हणून निर्धास्त राहता येत नाही, याला सुरक्षित डोस नाही. पण गोळी घेतली म्हणजे व्यंग ठरलंच, असंही नाही.

उरलेली स्ट्रिप फेकू नका. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, पहिली गोळी, शेवटची गोळी या तीन तारखा कागदावर लिहून याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सहाव्या-सातव्या आठवड्यातली सोनोग्राफी करा (इथून पुढचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजायचे), गर्भाचं वय त्यावरून नक्की होतं, आणि तुमच्या बाबतीत चार-पाच दिवसांचा फरकही मोठा आहे. पुढे ११ ते १३ आठवड्यांची एनटी (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी), १८ ते २० ची अॅनॉमली स्कॅन (अवयवांतले दोष पाहणारी सोनोग्राफी) आणि बाळाच्या हृदयाची टूडी इको. हे सगळं नॉर्मल आलं तरी बुद्धीच्या वाढीतला दोष सोनोग्राफीत दिसत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. गर्भ ठेवायचा की नाही, यासाठी कायद्याने सज्ञान बाईची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.

फोलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा, पण त्याने या गोळीचा परिणाम पुसला जात नाही. केस-त्वचेच्या कॅप्सूलमध्ये व्हिटॅमिन ए असेल तर बंद करा, कलेजीही नको. गाजर खुशाल खा.

फिट्सची व्हॅल्प्रोएट घेणारी कुणी हे वाचत असेल तर तिने ती गोळी मनाने बंद करू नये. तिच्यानेही व्यंग येतं, पण अचानक सोडल्यावर येणारी फिट दोघांच्या जिवावर बेतू शकते. न्यूरॉलॉजिस्टला लगेच गाठावं.

मशेरी तंबाखूच आहे. तिने मुख्यतः बाळाचं वजन घटतं, बाळ वेळेआधी किंवा मृत जन्मू शकतं. आजच सोडा, तंबाखू नसलेलं दंतमंजन चालेल. मासे चालू ठेवा, फक्त मोरी (शार्क) नको, तिच्यात पारा साठतो. बांगडा, तारली बिनधास्त.