गाडी आणि गॅरेज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सातपूर, नाशिक): माझ्याकडे जुनी फोर-बाय-फोर जीप आहे. रोज शहरात चालते, पावसाळ्यात इगतपुरीकडच्या खाचरांच्या वाटांवर नेतो. मागचं एक चाक फिरत बसतं आणि गाडी जागची हलत नाही. गॅरेजवाला म्हणतो, डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारी गिअरपेटी) वेल्ड करून टाकू, स्वस्तात काम होईल. करू का?

उत्तर: नको. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक राबडीत मोकळं फिरायला लागलं की त्याला जेमतेम जोर पुरतो आणि घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो, म्हणून गाडी अडते. वेल्डिंग किंवा स्पूल (डिफरन्शियलच्या गिअरऐवजी बसवायचा अखंड तुकडा) केल्यावर दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसवल्यासारखी फिरतात. चिखलात ते छान. पण डांबरी वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते त्याला कापता येत नाही. मग टायर घासतात, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाऊ पाहते आणि हाफ शाफ्टला (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याला) पीळ बसतो. ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगायला नको: डिफ-लॉकचं पेडल दाबून कोणी बांधावर वळत नाही. भर पावसात कसारा घाटात अशी गाडी उतरवताना मागचा भाग अचानक बाजूला सरकू शकतो, आणि तिथे चूक सुधारायला जागा नसते.

तुमच्यासाठी ड्रॉप-इन ऑटोमॅटिक लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा आणि वळणावर आपोआप सोडणारा भाग) बरा. मूळ कॅरिअर (आतले गिअर धरणारा सांगाडा) तसाच राहतो, आतले स्पायडर आणि साइड गिअर काढून त्यांच्या जागी लॉकरचे दातेरी तुकडे बसतात. क्राउन-पिनियनची (इंजिनकडून आलेला जोर ॲक्सलकडे वळवणाऱ्या गिअरजोडीची) मांडणी हलत नाही. वळणावर बाहेरचं चाक पुढे धावू लागलं की त्या बाजूचे दाते सुटतात, तेव्हा टक्-टक् आवाज येतो, त्याला घाबरू नका. वळताना मात्र ॲक्सिलरेटर हलका ठेवा. जोर देत वळलात तर तो सुटत नाही आणि मग स्पूलसारखाच वागतो. बसवताना दोन तुकड्यांमधलं अंतर किटच्या कागदावर दिलेल्या मापातच आहे ना, ते फीलर गेजनं पाहा. जास्त भरलं तर कॅरिअर झिजलाय, त्यात नवा लॉकर टिकणार नाही.

खिसा सैल असेल तर हवेवर चालणारा लॉकर सगळ्यांत उत्तम: बटण दाबलं तर लॉक, नाहीतर साधं डिफरन्शियल. त्याला कॉम्प्रेसर आणि नळी लागते. नळी एक्झॉस्टपासून लांब आणि झुडपांत अडकणार नाही अशी बांधा.

आणखी एक. लॉक झाल्यावर सगळा जोर एकाच हाफ शाफ्टवर येऊ शकतो. चाकाच्या मधोमध बाहेर आलेला हब आणि त्यावर बोल्टांचं कडं दिसलं, तर ॲक्सल बहुधा फुल-फ्लोटिंग: शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्टच चाक धरून असतो, तो बाहेरच्या टोकाला तुटला तर चाकच निसटतं. तिथे आधी चांगल्या शाफ्टवर खर्च करा, लॉकर नंतर.

प्रश्न (निफाड): गाडी फक्त मळ्यात आणि चिखलाच्या शर्यतीत, तिथेही ट्रेलरवर नेतो. वेल्ड की स्पूल?

उत्तर: तुमच्या ॲक्सलला फुल स्पूल मिळत असेल तर तोच घ्या. तो अख्ख्या कॅरिअरची जागा घेतो, वजन कमी, आणि आत तुटायला काही उरतच नाही. मिनी स्पूल जुन्याच कॅरिअरमध्ये बसतो, त्यामुळे कॅरिअरच्या ताकदीपुरताच. काळ्या मातीत टायरच्या खाचा क्षणात भरतात, त्या मोकळ्या करायला दोन्ही चाकं एकदम वेगानं फिरावी लागतात. म्हणून शर्यतीत स्पूलला तोड नाही.

वेल्डच करायचं असेल तर कॅरिअर बाहेर काढून. कव्हर उघडून जागेवरच रॉड टेकवणारे बरेच आहेत. छर्रे बेअरिंगमध्ये शिरतात आणि करंट रोलरवरून गेला तर त्यावर खड्डे पडतात. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करा, शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बाजूनिहाय बांधून ठेवा, क्राउन आणि बेअरिंग काढा. गिअर थिनरनं धुवा, थोडे तापवा (मुरलेलं तेल बाहेर येतं), पुन्हा धुवा. या गिअरचा वरचा थर कडक केलेला असतो, गार असताना वेल्ड केला तर कडेनं चीर जाते. म्हणून 200 ते 250 अंशांपर्यंत तापवून घ्या. रॉड कोरडा 7018 किंवा 309 स्टेनलेस. गिअर गिअरलाच जोडा. कॅरिअर बहुतेक ओतीव लोखंडाचा असतो, त्यावरच्या टाक्यावर भरवसा नको. समोरासमोरच्या जागी आलटूनपालटून टाके घाला, स्प्लाइनवर छर्रा पडू देऊ नका. मग कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर ठेवा. पाण्यात बुडवलं तर सगळी मेहनत वाया.

जोडताना बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) कंपनीच्या मापानं. बऱ्याच ॲक्सलना तो 0.15 ते 0.25 मिमी असतो, डायल गेजशिवाय अंदाजानं ठरवू नका. स्पूल बसवतानाही हेच. पहिल्या धावेनंतर तेल काढून चुंबक फिरवा. वेल्डचा सुटलेला कण क्राउन-पिनियनमध्ये गेला तर दोन्ही गिअर जातात.

पुढचं डिफरन्शियल वेल्ड करणार असाल तर हात आखडा. वळलेल्या चाकांनिशी जोर दिला की पुढचे जॉइंट आधी तुटतात.

प्रश्न (सिन्नर): माझ्या थारला मागे मेकॅनिकल लॉकर आहे. चिखलात तो लागतच नाही असं वाटतं. बिघडलाय का?

उत्तर: बहुधा नाही. त्याला बटण नसतं. दोन्ही चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं फेकली जाऊन तो लागतो, आणि ताशी साधारण 30 किमीच्या वर लागत नाही. चाक जरा फिरायला लागलं की पाय काढून घेतलात तर तेवढा फरक पडतच नाही. ॲक्सिलरेटर हळूहळू, एकसारखा वाढवा. खट् जाणवलं की तेवढाच धरा. एकदम दाबलात तर फिरत्या चाकाचा धक्का थेट शाफ्टवर येतो.

जाता जाता: पाण्यातून गेलात तर डिफरन्शियलचं तेल पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. गरम ॲक्सल गार पाण्यात बुडला की ब्रीदरमधून (ॲक्सलमधली हवा ये-जा करण्याच्या तोटीतून) पाणी आत खेचतो. ब्रीदरची नळी बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्या.