केस, नखं, गजकर्ण : जिवंत काय, मेलेलं काय?

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच घोळ आहे. आपल्या अंगावरचं कुठलं जिवंत आणि कुठलं मेलेलं, हेच ठाऊक नाही. त्यामुळे मेलेल्याला खाऊ घालणं चालू आहे आणि जिवंताकडे दुर्लक्ष.

जावळ काढलं की केस दाट येतात, असं आई म्हणते. खरं का?

नाही. हौस म्हणून काढा. वस्तरा फिरतो तो मेलेल्या केसावरून. जिवंत मूळ कातडीखाली असतं, त्याला वरचं काही कळत नाही.

नखांवर पांढरे ठिपके आहेत. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ का?

नको. बहुतेकदा नखाच्या मुळाला कधीतरी मार बसलेला असतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मि.मी. वाढतं, ठिपका पुढे सरकत कापला जाईल. पण एखाद्याच नखात काळी उभी रेघ नव्याने आली, तर उद्या-परवा न करता दाखवा.

‘केसांना पोषण’ देणारा महागडा शाम्पू घ्यावा का?

केस जेवत नाहीत. शाम्पू मळ काढतो, फार तर चकाकी देतो. टायफॉइड, डेंगीनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, ते बहुधा आपोआप थांबतं. थांबलं नाही तर हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासायला डॉक्टरकडे जा.

जांघेत गजकर्ण आहे. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने चार दिवसांत खाज जाते, बंद केली की परत. आठ महिने झाले. आता नवऱ्यालाही झालंय. दुसरी कुठली ट्यूब लावू?

कुठलीच नाही. आठ महिने!

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, नुसतं केराटिन, म्हणजे केस-नखं ज्याची बनतात तेच प्रथिन. गजकर्णाची बुरशी त्यावरच जगते. लाली आणि खाज ही खालच्या जिवंत त्वचेची आरडाओरड. तुमच्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड आहे. ते आरडाओरड बंद करतं, बुरशी पसरतच राहते. चोर घरात, आणि तुम्ही कुत्र्याचं तोंड बांधलंत.

पेशंट पिशवीतून अशा चार-पाच ट्यूब काढतात, टूथपेस्टसारख्या तळापासून गुंडाळलेल्या. मी डागाच्या कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो. थोड्या वेळाने मेलेल्या पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते बुरशीचे फांद्या फुटलेले धागे. इतकं मलम चोपडूनही!

२०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली. काउंटरवर विचारतो कोण? स्टेरॉइड लावत राहिलं की जांघेतली कातडी पातळ होऊन चरे पडतात. ते पुढे फिके होतात, पुरते जात नाहीत.

त्वचारोगतज्ज्ञाकडे दोघं एकदमच जा, ती ट्यूब सोबत न्या. ट्यूब थांबवल्यावर खाज उसळेल, घाबरून परत लावू नका. टॉवेल वेगळे ठेवा, ओली जीन्स घालू नका. आणि डाग दिसेनासा झाला म्हणून औषध मनाने सोडू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच.

तोवर लिंबू चोळलं तर?

नको.